परसातील हौद आणि प्राणवायूचा हिशेब

कल्याणात पारनाक्याच्या बाजूला अजून काही जुनी बैठी घरे शिल्लक आहेत. माझे एक सहकारी शिक्षक अशाच एका घरात राहतात. परसात, विहिरीच्या शेजारी, त्यांच्या वडिलांनी बांधलेला सिमेंटचा एक हौद आहे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर. त्यात त्यांनी हौसेने रोहू आणि कटला जातीचे वीस मासे वाढवले होते. एकेक मासा अर्ध्या किलोच्या घरात गेला होता. डासांसाठी म्हणून सोडलेले गप्पी मासे तर असंख्य होते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस एके दिवशी सकाळी सहा वाजता त्यांचा फोन आला. "सर, लगेच या. कुणीतरी हौदात विष टाकलंय." मी डोंबिवलीहून पोहोचेपर्यंत सात वाजले. तेरा मोठे मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. उरलेले सात पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड आणून हवेचे घोट घेत होते. शेजारच्या घराशी त्यांचा भिंतीवरून वाद चालू होता, त्यामुळे संशय कोणावर गेला हे वेगळे सांगायला नको. ते पोलीस चौकीवर जायच्या तयारीत होते.

मी त्यांना विचारले, "गप्पी मेले का?" आम्ही दोघांनी वाकून पाहिले. एकही गप्पी मेला नव्हता. काठाकाठाने, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, ते नेहमीप्रमाणे फिरत होते.

विद्यार्थी मित्रांनो, इथे क्षणभर थांबा आणि विचार करा. हौदात विष पडले असते, तर आधी कोण मेले असते? बहुतेक विषांचा परिणाम लहान माशांवर आधी होतो. इथे मोठे मेले आणि बोटाच्या पेराएवढे गप्पी जिवंत राहिले. पाण्यातला प्राणवायू संपतो तेव्हा नेमके असेच घडते. मोठ्या माशाची गरज मोठी, म्हणून तो आधी गुदमरतो. गप्पीचे तोंड मात्र वरच्या बाजूस वळलेले असते. पाण्याचा हवेला चिकटलेला जो पातळ थर असतो, त्यात प्राणवायू नेहमीच थोडा अधिक असतो. त्या थरातले पाणी गप्पी कल्ल्यांवरून ओढून घेतो आणि तग धरतो. शेजारी निर्दोष होता. माशांचा जीव गुदमरून गेला होता, आणि तोही पहाटेच्या सुमारास.

पहाटेच का? त्यासाठी पाण्यात प्राणवायू किती मावतो ते पाहू या.

हवेचा सुमारे एकपंचमांश भाग प्राणवायूचा असतो. आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेच एक लिटर पाणी घ्या. ३० अंश सेल्सियस तापमानाचे गोडे पाणी हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळवून घेते. म्हणजे आपण ज्या हवेत श्वास घेतो, तिच्या छत्तिसाव्या हिश्श्यावर माशाला भागवावे लागते. पाणी थंड असेल तर स्थिती बरी असते. २० अंशांना ९.१ आणि शून्य अंशाला १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. उलट मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापले की त्याच्या शरीरातील क्रिया वेगाने चालतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्याची प्राणवायूची मागणी सुमारे दुप्पट होते. ठाण्या-कल्याणच्या मे महिन्यात म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढ : पाण्यात मावतो कमी आणि माशाला लागतो जास्त. रोहू-कटल्यासारख्या माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅम प्राणवायू असला की ते सुखात असतात. तो दोनाच्या आसपास आला की त्यांची तडफड सुरू होते.

आता हौदाचा हिशेब मांडू. ३ × २ × १ म्हणजे सहा घनमीटर, अर्थात ६,००० लिटर पाणी. लिटरला साडेसात मिलिग्रॅम धरले तर पूर्ण भरलेल्या हौदात प्राणवायू होतो ४५ ग्रॅम. वीस माशांचे वजन दहा किलो. अशा तापमानात एक किलो माशांना ताशी साधारण ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो असे धरू. दहा किलोंना ताशी तीन ग्रॅम, आणि बारा तासांच्या रात्रीत ३६ ग्रॅम! उरले नऊ ग्रॅम, म्हणजे लिटरला दीड मिलिग्रॅम. रात्रभरात पृष्ठभागावरून थोडा प्राणवायू आत येतो हे खरे, पण त्याच पाण्यात शैवालही आहे आणि तळाशी गाळही आहे.

शैवालाचे वागणे दुहेरी असते. दिवसा उन्हात ते प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडते. हिरव्या पाण्याच्या तळ्यात कडक उन्हात दुपारी तीन-चार वाजता लिटरला दहा-बारा मिलिग्रॅमही प्राणवायू आढळतो, म्हणजे मावायला हवा त्यापेक्षा जास्त. सूर्य मावळला की हेच शैवाल आपल्यासारखा श्वास घेऊ लागते आणि माशांच्या ताटात वाटेकरी होते. तळाचा गाळ, म्हणजे उरलेले खाद्य, माशांची विष्ठा, झाडाची पाने, कुजवणारे जीवाणू तर दिवसरात्र प्राणवायू खात असतात. ही उधारी रात्रभर वाढत जाते आणि सूर्य उगवण्याच्या आधी ती सर्वांत मोठी असते. म्हणून पहाट घातक. त्या आधीचे दोन दिवस वळिवाचे ढग होते, वारा पडलेला होता. ऊन नसल्यामुळे दिवसाची जमा झालीच नव्हती आणि खर्च मात्र नेहमीचाच होता.

ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात. मासुंदा म्हणजे आपली तलावपाळी, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर असे कितीतरी तलाव तिथे आहेत. कल्याणला काळा तलाव आहे. या तलावांत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांपैकी पुष्कळशा उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या सरींच्या सुमारास किंवा विसर्जनानंतरच्या. कारणांचे मूळ बहुधा हेच. पहिल्या पावसात रस्त्यावरची घाण तळ्यात येते, थंड पाणी खाली जाऊन तळाचे प्राणवायूहीन पाणी वर ढकलले जाते. विसर्जनात निर्माल्य कुजते. ठाण्याने विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करण्याचा जो मार्ग धरला, त्यामागचे एक कारण तुमच्या आता लक्षात आले असेल.

आमच्या सहकाऱ्यांचे पोलीस चौकीवर जाणे टळले. पण एक गोष्ट निघाली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. हौदात एक छोटे कारंजे होते. ते संध्याकाळी पाहुणे आले की चालू करीत आणि रात्री निजताना आठवणीने बंद करीत. जेव्हा गरज नव्हती तेव्हा कारंजे चालू आणि गरज होती तेव्हा बंद! एवढेच नव्हे, भर दुपारी पाण्यात प्राणवायू मावण्यापेक्षा जास्त झालेला असताना पाणी घुसळले, तर तो वरचा प्राणवायू हवेत निघून जातो. सोड्याची बाटली हलवली की वायू बाहेर पडतो, तसेच हे.

पुढच्या रविवारी ते दुकानातून यादी घेऊन आले. हवेचा मोठा पंप, बारा तोंडांची वाटपनळी, दगडी एअर स्टोन, रबरी पडद्याच्या तबकड्या, भोकांची नळी, कॉक, झडपा. दुकानदाराने सांगितले होते, "सगळं घेऊन जा, जास्त झालं तर काय बिघडतं?" यांपैकी काय घ्यावे आणि का, यावर आम्ही अख्खी दुपार घालवली.

पाण्यात हवा सोडली की बुडबुडे उठतात आणि आपल्याला वाटते की हवा पाण्यात शिरली. प्रत्यक्षात बहुतेक हवा जशी आली तशी वर येऊन फुटते. प्राणवायू पाण्यात जातो तो बुडबुड्याच्या पृष्ठभागातून. म्हणून पृष्ठभाग जितका अधिक तितके चांगले. सहा मिलिमीटर व्यासाचा एक बुडबुडा घ्या. तेवढ्याच हवेचे एक मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर किती होतील? घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून ६ × ६ × ६ = २१६. प्रत्येकाचा पृष्ठभाग मोठ्याच्या छत्तिसाव्या भागाएवढा. २१६ ला ३६ ने भागा : एकूण पृष्ठभाग सहापट झाला. शिवाय लहान बुडबुडा मोठ्यापेक्षा सावकाश वर येतो, म्हणजे पाण्याच्या सहवासात जास्त वेळ राहतो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत बारीक बुडबुड्यांची विसरणयंत्रे वापरतात. त्यांतील हवेतला सुमारे सहा टक्के प्राणवायू दर मीटर खोलीमागे स्वच्छ पाण्यात शिरतो. ठोकळ बुडबुड्यांचा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

जाता जाता सांगतो, सांडपाण्यात हवा सोडून ते शुद्ध करण्याची ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनी जगापुढे मांडली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. मोठमोठ्या शहरांचा मैला आणि परसातला हौद यांचे शास्त्र एकच आहे.

मग सर्वांत बारीक बुडबुडे देणारी तबकडीच घ्यावी, नाही का? आमच्या सहकाऱ्यांचेही तेच म्हणणे होते. पण बारीक बुडबुड्यांची किंमत मोजावी लागते, ती दाबाच्या रूपाने. एक बादली पाण्याने भरा आणि शीतपेय पिण्याची नळी तिच्यात बुडवून फुंका. नळी जरा आत असताना सहज बुडबुडे निघतात. तळापर्यंत नेली की गाल फुगवावे लागतात. दर मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे शंभर ग्रॅम जास्त दाब लागतो. हा झाला पाण्याचा दाब. त्यात भर पडते ती विसरणयंत्राच्या स्वतःच्या अडथळ्याची. रबरी तबकडीवर सूक्ष्म चिरा असतात. हवेच्या दाबाने पडदा फुगला की त्या उघडतात आणि हवा थांबली की मिटतात, त्यामुळे गाळ आत शिरत नाही. ही सोय फारच चांगली. पण पडदा उघडण्यासाठीच आणखी तीसचाळीस सेंटिमीटर पाण्याएवढा दाब खर्च होतो. खोल तळ्यात चार मीटरांवर हे तीसचाळीस सेंटिमीटर किरकोळ ठरतात. एक मीटरच्या हौदात मात्र पंपाच्या श्रमाचा चौथा हिस्सा त्यातच जातो, आणि लहान पडदापंप तर धापा टाकू लागतो.

भोके पाडलेली प्लॅस्टिकची नळी सर्वांत स्वस्त. तिच्यातून मोठे बुडबुडे येतात, दाब कमी लागतो, पण प्राणवायू कमी मिळतो. तरी तिला अगदी निरुपयोगी म्हणू नये. वर जाणारे बुडबुडे आपल्याबरोबर तळचे पाणी उचलून नेतात, आणि ते पाणी वर येऊन पसरले की हवेशी त्याची गाठ पडते. उथळ तळ्यात निम्म्याहून अधिक काम कित्येकदा या घुसळण्यानेच होते. तळ्यात उडणारे कारंजे आपण पाहतो ना, ते वरच्या बाजूने हेच करते. मात्र कारंजे बहुधा वरवरचे पाणी उचलते. तळाचे पाणी तसेच राहते.

राहिला एअर स्टोन. वाळूचे बारीक कण चिकटवून केलेला हा सच्छिद्र दगड मध्यम आकाराचे बुडबुडे देतो, दाब माफक मागतो आणि खराब झाला तर थोड्या पैशांत नवा मिळतो. तो चोंदतो हा त्याचा दोष. विहिरीच्या जड पाण्यात त्यावर क्षार बसतात, वर शेवाळही चढते. महिन्या-दोन महिन्यांनी काढून घासावा आणि उन्हात वाळवावा, नाही जमले तर बदलावा. एक मीटरच्या हौदाला माझे मत एअर स्टोनलाच पडले.

पंप किती मोठा? मिनिटाला २० लिटर हवा देणारा पंप यादीत होता. ताशी १,२०० लिटर हवा, तिच्यात प्राणवायू ३२४ ग्रॅम. ऐंशी सेंटिमीटर खोलीवर एअर स्टोनमधून त्यातला तीन टक्के पाण्यात जाईल असे धरू : पावणेदहा ग्रॅम. पण हा आकडा पाणी प्राणवायूने अगदी रिकामे असतानाचा. भरत आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी वेगाने शिरतो. पाणी निम्मे भरलेले असेल तर वेगही जवळजवळ निम्मा. म्हणजे ताशी पाच ग्रॅम मिळतील. वीस माशांना तीन ग्रॅम, शैवाल-गाळाला दोन. जेमतेम जुळते.

आता वाटपाचा प्रश्न, आणि चुका बहुतेक इथेच होतात. आम्ही चार एअर स्टोन घ्यायचे ठरवले. सहकाऱ्यांनी उत्साहाने दोन तळाशी आणि दोन काठाजवळच्या पायरीवर ठेवले. पंप चालू केला. पायरीवरचे दोन्ही जोरात फसफसले, तळाच्या दोघांतून एक बुडबुडा येईना! हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. दोन ठिकाणच्या खोलीत वीस-तीस सेंटिमीटरचा फरक असला तरी सगळी हवा उथळ तोंडाने निसटते. यावर उपाय दोन : सगळे दगड एका पातळीवर ठेवावेत, आणि प्रत्येक नळीला कॉक बसवून मोकळ्या सुटणाऱ्यांना थोडे आवळावे. वाटपनळी सरळ ठेवण्याऐवजी तिची दोन टोके जोडून वेटोळे केले तर प्रत्येक तोंडाशी दाब जवळपास सारखा राहतो. जाड नळीचे वेटोळे आणि त्यातून निघणाऱ्या बारीक नळ्या, अशी रचना उत्तम. उलट, पंपापासूनच बारीक नळीचा लांब पल्ला टाकला तर नळीच्या घर्षणातच दाब वाया जातो. पाण्यात बुडणारे जोड प्लॅस्टिकचे असावेत. तांबे टाळावे, कारण ते माशांना विषारी आहे.

दगड थेट गाळावर ठेवू नयेत. आम्ही विटेवर ठेवले, म्हणून खोली एक मीटरऐवजी ऐंशी सेंटिमीटर धरली. गाळात कुजक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड अडकलेला असतो. बरेच दिवस निपचित असलेल्या तळ्याचा तळ एकदम ढवळला तर हा वायू आणि प्राणवायूहीन पाणी दोन्ही वर येतात, आणि मदत करायला आणलेला पंपच मासे मारतो. म्हणून जुन्या तळ्यात पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, असे वाढवत न्यावे. आम्ही तर आधी दोन दिवस बादलीने गाळच उपसला. नारळाच्या झाडांना तो चांगला मानवला.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. तो खाली असला आणि वीज गेली, तर वक्रनलिकेच्या तत्त्वाने हौदातले पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. उंच जागा नसेल तर नळीत एकमार्गी झडप घालावी. जोडणी मोठ्यांनी, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरमागेच करावी. मुलांनी इथे हात घालू नये. पाणी आणि वीज ही जोडी वाईट.

वीज जाणे हा आपल्याकडे पुस्तकी प्रश्न नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर कल्याणच्या पुष्कळ भागांत वीज नव्हती, आणि त्यानंतरच्या वर्षांतले भारनियमन मोठ्या माणसांच्या चांगले लक्षात आहे. यंत्राच्या भरवशावर जास्त मासे पाळले, तर वीज गेल्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. विजेरीवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवणे बरे. तोही नसेल तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून सोडत राहावे. हे हास्यास्पद वाटते, पण एक-दोन तास निभावते.

पंपाच्या डब्यावर छापलेला आकडा बहुधा उघड्या हवेतला असतो. पाण्याखाली तो किती उरतो हे शाळेतही मोजता येते. एक लिटरची रिकामी बाटली पाण्याने भरून हौदातच उलटी धरा, तोंडाला नरसाळे लावा आणि एका दगडाच्या बुडबुड्यांवर आणा. बाटलीतले पाणी खाली जाऊन ती हवेने भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. आमच्या एकेका दगडाखाली सोळा सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला पावणेचार लिटर, चार दगडांचे मिळून पंधरा. वीस नव्हेत! पुन्हा हिशेब केला : ताशी ९०० लिटर हवा, २४३ ग्रॅम प्राणवायू, तीन टक्क्यांनी सव्वासात ग्रॅम, आणि त्याच्या निम्मा सुमारे साडेतीन. सात माशांना एकच ग्रॅम लागतो, तेव्हा काळजी नव्हती. पण आमच्या सहकाऱ्यांनी पुन्हा वीस मासे आणायचे मनात धरले होते. शैवाल-गाळासाठी निदान निम्मा वाटा राखायचा तर सहा किलोंपेक्षा जास्त मासे बसत नव्हते. थोडी कुरकूर झाली. अखेर बारावर तडजोड झाली.

ज्या शिक्षकांकडे प्रयोगशाळा आहे, त्यांना पाण्यातला प्राणवायू प्रत्यक्षही मोजता येईल. बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिलेली पद्धत अजूनही वापरात आहे. नमुना हवेचा बुडबुडा राहू न देता काचेच्या बाटलीत भरावा लागतो. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालून साक्यात प्राणवायू पकडायचा, आम्ल घालून आयोडीन मोकळे करायचे आणि स्टार्चच्या साक्षीने थायोसल्फेटने ते मोजायचे. दहावीच्या मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एकाच तळ्याचे पाणी दुपारी चार आणि पहाटे सहा वाजता तपासून पाहावे. दोन आकड्यांतला फरक पाहून ती थक्क होतील.

हौदातला पंप आता रात्री नऊला चालू होतो आणि सकाळी आठला बंद. ढगाळ दिवस असेल तर दिवसाही चालू राहतो. पहिल्या आठवड्यात एक तक्रार मात्र आली. पंपाच्या घरघरीने झोप येत नाही म्हणून शेजारी भिंतीपाशी आले होते. आम्ही पंपाखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे घातले आणि तो भिंतीवरून काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवला. आवाज पुष्कळ कमी झाला. उरलेल्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांनी गप्पी मागितले, त्यांच्या अंगणातल्या टाकीत सोडायला.